अभ्यासाच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम विद्यार्थ्यांच्या कामाची नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले, तर एक गोष्ट लक्षात येते: त्यातील फारच थोड्या तक्रारी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या कामाविषयी असतात. ती मंद चालते, अडकते, मध्येच बंद पडते, असे सहसा कोणी म्हणत नाही. तक्रारी असतात त्या वेशीवरच्या, म्हणजे जिथे आपला लॅपटॉप दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांना जाऊन भिडतो तिथल्या: प्राध्यापकांना हव्या असलेल्या फाइलविषयी, महाविद्यालयाच्या वाय-फायविषयी, परीक्षेसाठी सक्तीच्या केलेल्या ब्राउझरविषयी. पदवीचा बराचसा अभ्यास याच सिस्टीमवर केल्यानंतर माझेही मत तसेच झाले आहे. गावात सुख आहे, वेशीवर कटकट आहे. आणि ही कटकट कोणाच्या वाट्याला किती येईल, हे ज्याच्या त्याच्या अभ्यासक्रमावर ठरते.

मिंटची सुरुवात २००६ साली क्लेमाँ लफेव्र यांनी केली. ती उबंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर आधारलेली आहे, उबंटू डेबियनवर, आणि या सर्वांच्या गाभ्याशी लिनक्स हा कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणारा मूळ भाग, आहे. या साखळीची सुरुवात विद्यार्थ्यांच्याच हातून झाली, हे येथे सांगितले पाहिजे: १९९१ साली लिनक्सची घोषणा करणारे लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते, तर १९९३ साली डेबियन सुरू करणारे इयन मरडॉक अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात. माझ्या वापरात असलेली मिंटची २२ मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या वर्षी बसवलेली सिस्टीम, मोठी उलथापालथ न करता, पदवी हातात पडेपर्यंत वापरता येते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती घेण्याची हौस असलेल्यांनी फेडोरा या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमकडे वळावे. सत्र चालू असताना ती हौस परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिंटकडे अनेक विद्यार्थी वळतात ते तत्त्वासाठी नव्हे, तर हातातला लॅपटॉप जुना झाल्यामुळे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक यंत्रे कागदोपत्री निकामी ठरली. मिंटची किमान गरज २ जीबी रॅमची आहे आणि सुखाने वापरण्यासाठी ४ जीबी सुचवलेली आहे. हे आकडे सिस्टीमपुरते खरे आहेत. पण ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक ऑनलाइन व्याख्यान आणि बाजूला पीडीएफ अशी विद्यार्थ्याची नेहमीची मांडामांड ४ जीबीमध्ये दाटीवाटीनेच बसते, कारण ब्राउझर कोणत्याही सिस्टीमवर तितकाच खादाड असतो. रॅम कमी असेल तर सिनॅमन ही मुख्य आवृत्ती सोडून एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती दिसायला साधी आहे, पण हलकी आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येत असेल तर तो बदल आधी करावा. त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही आवृत्तीच्या निवडीने पडत नाही.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून सिस्टीम चालवून पाहता येते, ही सोय लिनक्समध्ये इतकी जुनी झाली आहे की तिचे कौतुक करायचे राहून जाते. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपते व पुन्हा नीट जागे होते की नाही, हे सारे तपासता येते, आणि ते तपासल्याखेरीज पुढे जाऊच नये. उतरवलेल्या आयएसओ फाइलचा, म्हणजे सिस्टीम बसवण्याच्या फाइलचा, चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवून पाहण्याचा सल्ला बहुतेक जण कंटाळा म्हणून सोडून देतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ लोकांना फेरफार केलेल्या आयएसओकडे वळवले गेले होते, हे माहीत असेल तर तो कंटाळा आपोआप जातो.

विंडोज शेजारी ठेवायचे असेल, म्हणजे ड्युअल बूट करायचे असेल, तर खरी काळजी विंडोजच्या बाजूने घ्यावी लागते. नव्या यंत्रांवर डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवली नाही, तर बूटच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागते आणि विद्यार्थी नेमका परीक्षेच्या आठवड्यात हतबल होतो. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि त्याचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, मिंटमधून फक्त वाचता येते, त्यावर काही लिहिता येत नाही. शिवाय विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार धरते आणि लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेनुसार धरते, म्हणून एका सिस्टीममधून दुसरीत गेल्यावर वेळ काही तासांनी सरकलेली दिसते. एका आज्ञेने लिनक्सला विंडोजची पद्धत मान्य करायला लावता येते. तसे केले नाही तर सबमिशनची मुदत उलटून गेली की काय, या शंकेने उगाच धडकी भरते.

रोजच्या वापराविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच तिची मोठी पावती आहे. खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, फाइलींची खिडकी जिथे असावी तिथे. विंडोज वापरलेल्या माणसाला शिकायला अर्धा तास पुरतो. जाहिराती नाहीत, खाते उघडण्याची सक्ती नाही, आणि अपडेट कधी घ्यायचे हे वापरणारा ठरवतो. प्रेझेंटेशन सुरू असताना यंत्र आपल्या मनाने रीस्टार्ट होत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तिला झुकते माप देईन.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मात्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. सी आणि सी++ चे कंपायलर, मेक आणि त्यासोबतची इतर साधने एका ओळीच्या आज्ञेने बसतात. पायथन आधीच असते. आणि टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिलेले गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, येथे मायदेशी असल्यासारखे वागते. ज्या सर्व्हरवर पुढे आपला प्रोग्राम चालायचा असतो ते बहुतांशी लिनक्सचेच असतात, त्यामुळे लॅपटॉपवर चाललेली गोष्ट तिथे गेल्यावर फोल्डरच्या पत्त्यातील उलट्या-सुलट्या रेघांवरून किंवा फाइलच्या नावातील लहान-मोठ्या लिपीवरून अडत नाही. पण याहून मोठा लाभ ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकताना होतो. पुस्तकात प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, अवस्थांची आकृती असते, बाण असतात, आणि परीक्षेपुरते ते पाठ होते. मिंटवर एक छोटासा प्रोग्राम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, सुरू ठेवावा, दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाचे फोल्डर शोधावे आणि त्यातील स्टेटस ही फाइल वाचावी. प्रोसेसचे नाव, तिच्या जनक प्रोसेसचा क्रमांक, थ्रेडची संख्या, वापरलेली मेमरी हे सारे साध्या मजकुरात समोर येते. प्रोग्राम कळ दाबली जाण्याची वाट पाहत असेल तर अवस्थेपुढे ‘एस’, म्हणजे झोपलेली, असे अक्षर दिसते. पहिल्या खिडकीत जाऊन कंट्रोल आणि झेड दाबावे, फाइल पुन्हा वाचावी, आणि त्या जागी ‘टी’, म्हणजे थांबवलेली, आलेले असते. आकृतीतला बाण आपल्या बोटाने सरकवल्याचा हा अनुभव कोणत्याही स्लाइडने मिळत नाही. आणखी खोलात जायचे असेल तर ती फाइल तयार करणारा कर्नलमधील कोडही वाचायला मोकळा आहे. तो वाचण्याच्या फंदात फार थोडे जण पडतात हे खरे, परंतु दार उघडे आहे हे माहीत असल्याने प्रश्न विचारण्याची पद्धत बदलते.

हे मोकळेपण परवान्यातून येते. लिनक्स कर्नल १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे. त्याच्या अटींनुसार प्रोग्राम वापरणे, त्याचा अभ्यास करणे, त्यात बदल करणे आणि तो वाटणे या चारही गोष्टींची मुभा असते. मिंटसोबत येणारे सारेच काही याच परवान्याखाली नाही, आणि काही ड्रायव्हर तर बंद स्रोताचेच आहेत, तरीही आपल्या पेन ड्राइव्हवरून वर्गातील प्रत्येकाने सिस्टीम बसवली तर कोणाचाही हक्क बुडत नाही. वसतिगृहांतून फिरणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरची आणि त्यासोबत फुकट येणाऱ्या व्हायरसची ज्यांना सवय आहे, त्यांना हा फरक चटकन जाणवेल.

इतर शाखांचे चित्र मिश्र आहे. संख्याशास्त्रासाठी आर, गणित आणि भौतिकशास्त्रासाठी ऑक्टेव्ह व लाटेक, संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, विद्युत मंडलांसाठी किकॅड ही सारी साधने येथे उत्तम चालतात. मॅटलॅबचीही लिनक्स आवृत्ती अधिकृतपणे मिळते. मात्र ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फोटोशॉप आणि डेस्कटॉपवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांची लिनक्स आवृत्ती नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या थरावरून त्यांतील काहींच्या जुन्या आवृत्त्या चालवता येतात, असे सांगणारे हितचिंतक भेटतात. त्यांचे ऐकून सबमिशनच्या आदल्या रात्री तो प्रयोग करू नये. स्थापत्य, यंत्र अभियांत्रिकी किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्याने मिंट एकमेव सिस्टीम म्हणून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ऑटोकॅड आणि फोटोशॉपच्या जागी वापरता येणारे फ्रीकॅड आणि गिंप चांगले आहेत, पण प्रॅक्टिकलची परीक्षा ज्या सॉफ्टवेअरवर द्यायची, सराव त्याच्यावरच झाला पाहिजे.

आता वेशीवरची पहिली चौकी, म्हणजे वर्ड फाइल. मिंटसोबत लिब्रेऑफिस येते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा संच निबंध, तक्ते आणि स्लाइडसाठी पुरेसा आहे, आणि लांब अहवालात शीर्षकांच्या शैली, क्रमांक व अनुक्रमणिका सांभाळण्यात त्याचा रायटर हा भाग कोणालाही हार जात नाही. अडचण सुरू होते ती एकच फाइल चौघांच्या हातांतून फिरू लागली की. गटातील एकाने वर्डमध्ये प्रोजेक्ट रिपोर्ट कॅलिब्री टंकात (फॉन्टमध्ये) लिहिलेला असतो. मिंटवर तो टंक नसतो, म्हणून रायटर दुसरा टंक लावतो, अक्षरांच्या रुंदीत केसभर फरक पडतो, तेवढ्याने ओळ पुढे सरकते, ओळीने परिच्छेद सरकतो, आणि पाचव्या पानावरची आकृती सहाव्यावर जाऊन तिची ओळख देणारा मजकूर मागेच राहतो. यावर उपाय आहे: कॅलिब्रीसाठी कार्लिटो, कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ हे टंक मुद्दाम मूळ टंकांच्या मापाने घडवलेले आहेत. ते बसवलेले असले की ओळी जागच्या जागी राहतात. मात्र नव्या वर्डने कॅलिब्रीऐवजी आता आपोआप लावल्या जाणाऱ्या अ‍ॅप्टोस टंकाला ही मात्रा लागू पडत नाही. म्हणून गटाने सुरुवातीलाच टंक ठरवून घ्यावा आणि अंतिम फाइल शक्य तिथे पीडीएफ करून द्यावी. मार्गदर्शकांना दुरुस्त्यांच्या नोंदी करता याव्यात म्हणून डॉक्स फाइलच हवी असेल, तर ती देण्याआधी वर्डच्या ब्राउझर आवृत्तीत एकदा उघडून पाहावी. हा जाच आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची स्थिती मात्र अपेक्षेपेक्षा बरी आहे. कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट तर आहेच, शिवाय उच्चारानुसार चालणारी मराठी मांडणीही आहे. आयबस हे टंकलेखनाचे साधन बसवले तर रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवण्याचे आणखी मार्ग खुले होतात. जोडाक्षरे नीट जुळतात, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ यांची ओढाताण होत नाही. विंडोजवर मंगल किंवा कोकिळा टंकात केलेला मजकूर येथे नोटो किंवा लोहित टंकात दिसतो आणि ओळींमधील अंतर बदलल्याने पानांची संख्या कमीजास्त होते, एवढाच काय तो फरक. भाषेच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी मुक्त परवान्याचा युनिकोड टंक निवडून त्याची फाइल मार्गदर्शकांनाही द्यावी. परवाना तशी मोकळीक देतो आणि दोन्हीकडे पाने सारखी दिसतात.

दुसरी चौकी वाय-फायची. घरातले साधे नेटवर्क पासवर्ड टाकताच जोडले जाते, पण बहुतेक विद्यापीठे एंटरप्राइज पद्धतीचे, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्याने उघडणारे, नेटवर्क ठेवतात आणि त्यासाठी मिंटमध्ये उघडणारी खिडकी पाहून भलेभले गांगरतात. प्रमाणीकरणाची पद्धत कोणती, निनावी ओळख काय, डोमेन कोणते, प्रमाणपत्राची फाइल कुठे आहे, आतील प्रमाणीकरण कोणते, असे प्रश्न ओळीने विचारले जातात. फोन यांतील बरेचसे स्वतःच ठरवून टाकतो. पुष्कळ ठिकाणी उत्तर पीईएपी आणि एमएसचॅप व्ही२ असे असते, आणि ते भरले की जोडणी पुढे मुकाट्याने होत राहते. प्रमाणपत्राची गरज नाही, असे सांगणारा चौकोन टिचकी मारून मोकळे होण्याचा मोह मात्र टाळावा. त्या एका टिचकीमुळे त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभे करणाऱ्याकडे आपला पासवर्ड जाण्याची वाट तयार होते. प्रमाणपत्र संगणक विभागाकडे मागून घ्यावे. तिथे ‘आम्ही लिनक्सला मदत करत नाही’ असे ऐकू येण्याची शक्यता आहे, तरी मॅकसाठी दिलेल्या सूचनांत लागणारी सगळी माहिती बहुधा सापडते.

तिसऱ्या चौकीवर तोडगाच नाही. परीक्षेच्या वेळी संगणक जखडून ठेवणारे ब्राउझर आणि देखरेखीचे प्रोग्राम बहुतांशी विंडोज व मॅकसाठीच बनतात. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मिंटच्या आतच चालवलेल्या विंडोजमध्ये, चालवू पाहिले, तर अनेकदा ते ओळखून नकार देतात, आणि तसा प्रयत्न हाच गैरप्रकार समजला जाण्याचा धोका असतो. अशी परीक्षा असणाऱ्याने विंडोजचे पार्टिशन राखून ठेवावे किंवा महाविद्यालयाचा संगणक आधीच मागून घ्यावा. हा दोष मिंटचा नाही, पण गुण मिंट वापरणाऱ्याचे जातात.

सिस्टीम बिघडली तर सावरण्याची व्यवस्था हा मिंटचा मला सर्वांत पटलेला भाग आहे. टाइमशिफ्ट हा प्रोग्राम सिस्टीमच्या फाइलींची ठराविक काळाने नोंद ठेवतो. एखाद्या अपडेटनंतर किंवा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरनंतर स्क्रीन काळीच राहिली, तर मिंट बसवताना वापरलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट करून कालच्या स्थितीत परतता येते, आणि हे काम टर्मिनलला न शिवता होते. त्याचबरोबर हेही समजून घेतले पाहिजे की टाइमशिफ्ट मुळात विद्यार्थ्याची कागदपत्रे साठवतच नाही. होम फोल्डर तो स्वतःहून वगळतो. त्यासाठी मिंटमध्येच वेगळे बॅकअप साधन आहे आणि ते बाहेरच्या डिस्ककडे वळवून ठेवावे लागते. सुरक्षित बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवला, तर पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवण्याची विचारणा येते. ती बिघाडाची खूण नाही, बसवताना दिलेला पासवर्ड तिथे टाकायचा असतो.

बॅटरीविषयी लिनक्सच्या भक्तांनी थोडे मौन पाळावे. काही यंत्रांवर ती विंडोजइतकीच टिकते, काहींवर स्पष्टपणे कमी. टीएलपी हे वीज वाचवणारे साधन बसवल्याने सुधारणा होते, पण प्रत्येक यंत्रावर चमत्कार घडत नाही. ज्यांचा सारा दिवस चार्जरविना वर्गांत जातो, त्यांनी पेन ड्राइव्हवरच्या चाचणीत याचा अंदाज घ्यावा, जरी तो अंदाज काहीसा ढोबळ असला तरी.

फक्त प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलपुरते लिनक्स हवे असेल, तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल पुरते आणि मिंट बसवण्याचा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही. विज्ञान, गणित, संगणकशास्त्र, भाषा आणि समाजशास्त्रे शिकणाऱ्यांना, सक्तीचा परीक्षा-ब्राउझर नसेल तर, मिंट एकटीच ठेवायलाही मी सुचवेन. बाकीच्यांनी ड्युअल बूट करावे, आणि तसे करताना मिंटच्या वाट्याला डिस्कचा भाग देताना हात आखडता घेऊ नये: कागदावर २० जीबी पुरतात, सुचवलेला आकडा १०० जीबीचा आहे, आणि टाइमशिफ्टच्या नोंदी, फ्लॅटपॅकमधून आलेले प्रोग्राम व लाटेकचा संपूर्ण संच एकत्र आले की १०० जीबीचाच आकडा खरा ठरतो.